आयटी प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी घरची लॅब: उभारायची कशी आणि मोडायची कशी

व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका संगणकात अनेक काल्पनिक संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मी पहिल्यांदा दोन लिनक्स मशिनं शेजारी शेजारी सुरू केली, तेव्हा दोन्हींना एकच आयपी पत्ता मिळाला होता: १०.०.२.१५. एकावरून त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली, की उत्तर झटक्यात यायचं, म्हणून मी समजलो की जोडणी झाली. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायच्या सोयीने, फाइल पाठवली तेव्हा ती दुसरीकडे दिसेना. प्रत्येक मशीन स्वतःलाच पिंग करत होतं आणि स्वतःलाच फाइल पाठवत होतं. नॅट (मशिनांनी राउटरच्या पत्त्यामागून बाहेर जाणं) आणि डीएचसीपी (मशिनांना आपोआप पत्ते वाटणं) यांवरचे धडे तोपर्यंत माझे दोनदा वाचून झाले होते, व्याख्या तोंडपाठ होत्या. तरी समोरचं चित्र वाचता येत नव्हतं. त्या एका संध्याकाळनंतर नॅट मला पुन्हा पाठ करावा लागला नाही.

घरची लॅब, म्हणजे सरावासाठी घरीच उभारलेली मशिनं, मला हवी वाटते ती एवढ्यासाठी. तिथे चुकायला मोकळीक असते आणि चूक दुरुस्त होईपर्यंत कुणी घाई करत नाही. खाली सांगितलेला क्रम मी स्वतः वापरतो. तो एका साध्या लॅपटॉपवर सुरू होतो आणि बहुतेकांना त्यापुढे जायची गरजही पडत नाही.

आधी परीक्षेचा अभ्यासक्रम, मग यंत्रं

सर्वांत जास्त पैसा आणि वेळ वाया जातो तो उलट क्रमाने गेल्यामुळे. आधी जुना सर्व्हर घेतला जातो, मग त्याच्यावर काय चालवायचं याचा शोध सुरू होतो. प्रत्येक प्रमाणपत्राचा अधिकृत अभ्यासक्रम संबंधित कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. तो छापून घ्या. प्रत्येक ओळीतलं क्रियापद बघा. ‘सांगा’, ‘ओळखा’ असं असेल तर वाचन पुरतं. ‘कॉन्फिगर करा’, ‘दुरुस्त करा’, ‘तपासा’ असं असेल तर त्या ओळीसमोर खूण करा. या खुणांची यादी म्हणजे तुमच्या लॅबचा आराखडा.

सीसीएनए, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची २००-३०१ परीक्षा, द्यायची असेल तर सुरुवातीला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर पुरेसं आहे. नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवलं की ते मोफत मिळतं. व्हीलॅन, ट्रंक, ओएसपीएफ, एसीएल हे नेटवर्किंगचे सगळे विषय त्यात होतात. मात्र ते अनुकरण आहे. सिस्कोच्या उपकरणांवरच्या खऱ्या आयओएस ऑपरेटिंग सिस्टिममधल्या बऱ्याच कमांड त्यात चालत नाहीत. त्यापुढे जायचं तर खऱ्या उपकरणांचं सॉफ्टवेअर चालवणारे जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी आहेत. खरा स्विच हाताळावासा वाटला तर एखादा जुना कॅटॅलिस्ट २९६० पुरतो. कन्सोल केबल लावून पासवर्ड विसरलेला स्विच परत ताब्यात घेणं एकदा तरी करून बघा.

रेड हॅटची लिनक्सवरची आरएचसीएसए, म्हणजे ईएक्स२००, ही पूर्ण प्रात्यक्षिक परीक्षा आहे. बहुपर्यायी प्रश्न नाहीतच. समोर चालू मशीन असतं आणि केलेलं काम रीबूटनंतर टिकलं तरच त्याचे गुण. कुबरनेटीसची (अनेक मशिनांवर कंटेनर चालवणाऱ्या प्रणालीची) सीकेएदेखील टर्मिनलवरच होते, तीही दोन तासांत. या दोन्ही परीक्षांना लॅबशिवाय बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लससाठी छोटी लॅब चालते, आणि ए प्लससाठी तर उघडून बघता येईल असा एक जुना डेस्कटॉप कुठल्याही व्हर्च्युअल मशीनपेक्षा जास्त शिकवतो.

कोणतं मशीन पुरेल

रॅम सगळ्यांत महत्त्वाची. हिशोब साधा आहे. १६ जीबी रॅम असेल तर ५ ते ६ जीबी मूळ ऑपरेटिंग सिस्टिमला सोडा. उरलेल्या १० जीबीत डेस्कटॉपशिवायची लिनक्स मशिनं प्रत्येकी २ जीबी धरून चार सहज चालतात; किंवा विंडोज सर्व्हरला ४ जीबी आणि विंडोज ११ च्या क्लायंटला ४ जीबी देता येतात, कारण विंडोज ११ ची किमान मागणीच तेवढी आहे. ८ जीबीवर दोन लिनक्स मशिनं चालतात, आणि आरएचसीएसएच्या सरावाला तेवढीच लागतात. ३२ जीबी असेल तर विंडोज डोमेन (एका सर्व्हरकडून सगळ्यांची खाती सांभाळणारं नेटवर्क) आणि तीन मशिनांचा कुबरनेटीस क्लस्टर यांचा विचार बिनधास्त करा.

दुसरी गोष्ट एसएसडी. फिरत्या हार्ड डिस्कवर तीन मशिनं एकदम सुरू केली की सगळीच अडकतात. प्रोसेसरच्या बाबतीत चार कोअर असले तरी भागतं.

कंपन्यांमधून निवृत्त झालेले रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतात, पण घरात ते घेऊ नका असंच मी सांगेन. त्यांचे पंखे बंद दारामागूनही ऐकू येतात. विजेचाही हिशोब करा: १०० वॉट घेणारं यंत्र चोवीस तास चालू राहिलं तर दिवसाला २.४ युनिट जळतात. २० वॉटवर चालणाऱ्या छोट्या पीसीला अर्धं युनिटही लागत नाही.

अ‍ॅपलच्या एम मालिकेतल्या चिपचा मॅक असेल तर एक अडचण आधीच ओळखून ठेवा. त्या चिपची रचना एआरएम आहे, त्यामुळे नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनसाठीच्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या डिस्क फाइली) त्यावर धड चालत नाहीत. लिनक्सच्या एआरएम आवृत्त्या उत्तम चालतात. विंडोज सर्व्हरचा अभ्यास असेल तर मात्र वेगळं मशीनच बघा.

व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना?

इन्स्टॉलेशनच्या आधी बायोसमध्ये जाऊन इंटेलवर व्हीटी-एक्स किंवा एएमडीवर एसव्हीएम नावाचा पर्याय चालू आहे का ते बघा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबवर सीपीयूखाली ते थेट दिसतं.

मग हायपरवायझर, म्हणजे व्हर्च्युअल मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे आणि शिकायला सोपा. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी मोफत झाला आहे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत हायपर-व्ही आधीपासून असतो. लिनक्स वापरत असाल तर त्यातलाच केव्हीएम. वेगळा पीसी लॅबसाठीच ठेवता येणार असेल तर त्यावर प्रॉक्समॉक्स हा हायपरवायझर टाका आणि ब्राउझरमधून सगळं चालवा. यातला कुठला निवडावा यावर आठवडा घालवू नका. परीक्षेत हायपरवायझरबद्दल फारसं कुणी विचारत नाही.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स चालवताना मशीनच्या खिडकीत खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसलं, तर हायपर-व्ही पार्श्वभूमीला चालू आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या आधाराने रांगत जावं लागतंय. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) किंवा सुरक्षा सेटिंगमधली मेमरी इंटिग्रिटी चालू असली की असं होतं. लॅब कारण नसताना संथ वाटत असेल तर आधी हे कासव शोधा. डब्ल्यूएसएल रोज लागत असेल तर सरळ हायपर-व्हीवरच लॅब करा.

सॉफ्टवेअर सरळ मार्गाने मिळतं

क्रॅक केलेल्या आयएसओची काहीच गरज नाही. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते, विंडोज एंटरप्राइझची ९० दिवस. अभ्यासाची एक फेरी त्यात आरामात बसते. रेड हॅट वैयक्तिक डेव्हलपर सदस्यत्वाखाली १६ सिस्टिमपर्यंत आरएचईएल, म्हणजे आपलं लिनक्स, विनामूल्य देते. नोंदणीची कटकट नको असेल तर त्याच्याशी जुळणारी अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स घ्या, फक्त आवृत्ती परीक्षेच्या आवृत्तीशी जुळवा. डाउनलोड झाल्यावर फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा जणू बोटाचा ठसा) संकेतस्थळावरच्या हॅशशी ताडून बघा. तो सरावाचाच भाग आहे.

नेटवर्क: इथे वेळ द्या

सुरुवातीच्या त्या १०.०.२.१५ कडे परत येऊ. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नुसता ‘नॅट’ निवडला की प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा काल्पनिक राउटर मिळतो. प्रत्येकाचं जग वेगळं, म्हणून प्रत्येकाला तोच पत्ता. इंटरनेट मिळतं, पण मशिनं एकमेकांना दिसत नाहीत. ‘नॅट नेटवर्क’ हा वेगळा पर्याय आहे: त्यात सगळी मशिनं एका राउटरमागे येतात, एकमेकांशी बोलतात आणि इंटरनेटवरही जातात. ‘होस्ट-ओन्ली’मध्ये तुमचा लॅपटॉप आणि मशिनं एवढंच जग, त्याची मूळ रेंज १९२.१६८.५६.०/२४ असते. ‘इंटर्नल’मध्ये लॅपटॉपही बाहेर, फक्त मशिनं आत. आणि ‘ब्रिज्ड’मध्ये व्हर्च्युअल मशीन थेट घरच्या वायफायवरचं एक उपकरण बनून बसतं.

या ब्रिज्डपासून जपून. डीएचसीपी सर्व्हरचा सराव करताना मी एकदा तो ब्रिज्डवर सुरू केला. थोड्या वेळात घरातल्या काही फोनचं इंटरनेट गेलं, काहींचं चालूच होतं. डीएचसीपीत ज्याचं उत्तर आधी येतं ते उपकरण घेतं; त्यामुळे काही फोनना घरच्या राउटरने पत्ता दिला आणि काहींना माझ्या मशीनने, तोही नसलेल्या गेटवेसकट (बाहेर जायच्या दारासकट). मशीन बंद केल्यावरही ते फोन लगेच सुधारले नाहीत, कारण घेतलेल्या पत्त्याची मुदत संपली नव्हती. प्रत्येक फोनचं वायफाय बंद करून पुन्हा चालू करावं लागलं. तेव्हापासून डीएचसीपी शिकवणारी कुठलीही लॅब मी घरच्या नेटवर्कपासून वेगळीच ठेवतो.

सुरुवातीला अशी मांडणी करा. प्रत्येक लिनक्स मशीनला दोन नेटवर्क कार्डं: पहिलं नॅटवर, अपडेटपुरतं, दुसरं इंटर्नल किंवा होस्ट-ओन्लीवर, लॅबसाठी. लॅबची रेंज घरच्या रेंजपेक्षा पूर्ण वेगळी घ्या. घरचे राउटर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारी रेंज देतात, म्हणून मी १०.५०.१०.०/२४ वापरतो; पत्ता बघताक्षणी कळतं की हे लॅबमधलं आहे. दुसऱ्या कार्डाला पत्ते हाताने द्या आणि एका कागदावर लिहून तो कागद स्क्रीनशेजारी चिकटवा.

विंडोज डोमेनच्या लॅबमध्ये ही दोन कार्डांची युक्ती वापरू नका. डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेन चालवणारा सर्व्हर, आपले दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) नोंदवतो, मग क्लायंटला कधी बरोबर पत्ता मिळतो, कधी चुकीचा, आणि दोष सापडता सापडत नाही. तिथे नॅट नेटवर्क घ्या, त्याचं स्वतःचं डीएचसीपी बंद करा आणि पत्ते वाटण्याचं काम विंडोज सर्व्हरला द्या. हात बसला की मधे एक राउटर मशीन ठेवा: ओपीएनसेन्स हे राउटर-फायरवॉल सॉफ्टवेअर, किंवा दोन कार्डांचं साधं लिनक्स. मग बाकी सगळी मशिनं फक्त आतल्या नेटवर्कवर राहतात आणि गेटवे म्हणजे काय ते रोज हाताखालून जातं.

नावांचंही आधीच ठरवा. लॅबच्या डोमेनला ‘लोकल’ हे शेपूट लावायची सवय जुनी आहे, पण ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय जवळची यंत्रं नावाने शोधायच्या पद्धतीसाठी) राखलेलं आहे आणि काही यंत्रांवर घोळ घालतं. घरच्या नेटवर्कसाठी ‘होम डॉट आर्पा’ २०१८ पासून अधिकृतपणे राखून ठेवलेलं आहे. त्याच्या आधी ‘लॅब’ जोडलं की झालं.

एक साचा, बाकी प्रती

प्रत्येक मशीन पहिल्यापासून इन्स्टॉल करत बसू नका. एक स्वच्छ मशीन बनवा, अपडेट करा, बंद करा आणि त्याला साचा म्हणून बाजूला ठेवा. त्याच्यावर कधीच काम करायचं नाही. लागेल तेव्हा त्याची लिंक्ड क्लोन, म्हणजे साच्याचीच डिस्क वापरून फक्त बदल वेगळे ठेवणारी प्रत, काढा; डिस्कवर जागाही कमी लागते.

क्लोन काढताना नवीन मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळख क्रमांक) तयार करण्याचा पर्याय निवडा. लिनक्समध्ये होस्टनेम बदला, मशीन-आयडीची (त्या इन्स्टॉलेशनच्या वेगळ्या ओळखीची) फाइल रिकामी करून रीबूट करा आणि एसएसएचच्या होस्ट की नव्याने बनवा. मशीन-आयडीकडे बऱ्याच जणांचं लक्ष जात नाही. उबुंटू सर्व्हरसारख्या काही लिनक्समध्ये डीएचसीपीला ओळख पाठवताना मॅकऐवजी हा आयडी वापरला जातो, म्हणून मॅक वेगळा असूनही दोन क्लोनना एकच पत्ता मिळू शकतो. विंडोजच्या साच्यावर सिसप्रेप, म्हणजे मशीनची जुनी ओळख पुसणारं साधन, चालवूनच प्रती काढा.

स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, कधी घ्यायचा? काहीतरी मोडायच्या आधी. त्याला बॅकअप समजू नका. मूळ डिस्क फाइल गेली की स्नॅपशॉटही जातो. डोमेनच्या लॅबमध्ये एकट्या क्लायंटला जुन्या स्नॅपशॉटवर नेलं तर डोमेनशी असलेला त्याचा विश्वास तुटू शकतो, म्हणून सगळी मशिनं बंद करून एकाच वेळचे स्नॅपशॉट घ्या आणि परतही एकदमच जा. मागे गेल्यावर घड्याळ तपासा. डोमेनमध्ये ओळख पटवणारं कर्बरॉस मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतं. त्यापुढे बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

पहिली लॅब: पोर्ट ८२

सराव कसा करायचा ते एका उदाहरणाने दाखवतो. अल्मालिनक्सची दोन मशिनं घ्या, सर्व्हर आणि क्लायंट. सर्व्हरवर अपाचे हा वेब सर्व्हर टाका, सुरू करा, फायरवॉलमध्ये एचटीटीपी उघडा आणि क्लायंटवरून कर्ल या कमांडने पान मागवा. पान आलं. इथे स्नॅपशॉट घ्या.

आता अपाचेच्या कॉन्फिगरेशनमध्ये पोर्ट ८० च्या जागी ८२ लिहा आणि सेवा पुन्हा सुरू करा. ती सुरू होणार नाही. कॉन्फिगरेशन तपासलं तर त्यात चूक नाही. जर्नल, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, उघडा: पोर्टला बांधून घेताना परवानगी नाकारली असं दिसेल. रूट, म्हणजे मुख्य वापरकर्ता, असूनही परवानगी नाही, याचा अर्थ एसईलिनक्स, लिनक्समधला जादा सुरक्षा थर. सीमॅनेज या त्याच्या कमांडने एचटीटीपीच्या पोर्टांची यादी काढा. तिच्यात ८०, ८१, ४४३ आहेत, ८२ नाही. ते जोडा. सेवा सुरू झाली. सर्व्हरवरच कर्ल केलं तर पान येतं, क्लायंटवरून मात्र येत नाही. आता फायरवॉल: ८२ उघडा, आणि कायमच्या नोंदीसह उघडा. क्लायंटवर पान आलं.

इथे थांबू नका. सर्व्हर रीबूट करा आणि काही न करता क्लायंटवरून पुन्हा पान मागवा. आलं नाही तर सेवा बूटला सुरू होण्यासाठी नोंदवायची राहिली असेल किंवा फायरवॉलची नोंद तात्पुरती असेल. सेवा, एसईलिनक्स, फायरवॉल, रीबूट हा क्रम चार-पाच वेळा हातातून गेला की परीक्षेत हात आपोआप तिकडे वळतो.

दुसरा सराव एफएसटॅबचा, म्हणजे बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलचा. मशीनला १ जीबीची नवी डिस्क जोडा, एलव्हीएमने (डिस्कचे लवचिक भाग पाडणाऱ्या सोयीने) व्हॉल्यूम बनवा, यूयूआयडी (त्या व्हॉल्यूमची ओळख) वापरून एफएसटॅबमध्ये नोंद करा. मग त्या यूयूआयडीतलं एक अक्षर मुद्दाम बदला आणि रीबूट करा. मशीन बराच वेळ डिस्कची वाट बघेल आणि आपत्कालीन मोडमध्ये जाऊन रूटचा पासवर्ड मागेल. तिथून लॉगिन करा, रूट फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती जोडलेली असेल तर ती लिहिण्यायोग्य करून घ्या, ओळ दुरुस्त करा, रीबूट करा. परीक्षेत हा काळा पडदा पहिल्यांदाच बघितलात तर घाम फुटेल. घरी तीनदा बघितला असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी एफएसटॅबला हात लावलात की रीबूटच्या आधी सगळ्या नोंदी एकदा हाताने माउंट करून बघायची सवयही आपोआप लागते.

विंडोजच्या लॅबमध्ये हीच गोष्ट डीएनएसच्या बाबतीत करा. क्लायंटचा डीएनएस डोमेन कंट्रोलरऐवजी बाहेरचा ठेवा आणि डोमेनला जोडायचा प्रयत्न करा. येणारा संदेश नीट वाचा, वहीत लिहा.

वही

वही खरंच ठेवा. प्रत्येक बिघाडाला तीन ओळी: काय दिसलं, मला काय वाटलं, खरं काय होतं. दुसरी आणि तिसरी ओळ वेगळी निघते तिथेच तुमच्या समजुतीतली फट असते. बिघाडांच्या चिठ्ठ्या करून ठेवा (चुकीचा गेटवे, ट्रंकच्या दोन टोकांना वेगळा नेटिव्ह व्हीलॅन, भरलेली डिस्क, मुदत संपलेलं सर्टिफिकेट) आणि शक्य असेल तर सोबत अभ्यास करणाऱ्याला एक चिठ्ठी काढून तुमच्या मशीनवर तो बिघाड घालायला सांगा. स्वतः घातलेला बिघाड स्वतःला माहीत असतो, त्यामुळे शोधायचा सराव होत नाही.

परीक्षेतले चोरलेले प्रश्न म्हणून जे संच फिरतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. ते परीक्षेच्या कराराचं उल्लंघन आहे, मिळालेलं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एसईलिनक्स समोर आल्यावर ते संच कामाला येत नाहीत.

क्लाउड आणि सुरक्षेच्या लॅब

क्लाउडच्या परीक्षांसाठी खातं उघडलं की पहिल्या दिवशी तीनच कामं: मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी, खर्चाची सूचना देणारं बजेट आणि रोजच्या कामासाठी वेगळा वापरकर्ता. सूचना फक्त कळवते, खर्च थांबवत नाही. बंद केलेल्या मशीनची डिस्क पैसे घेत राहते. एडब्ल्यूएसचा नॅट गेटवे तासावर चालतो, वापरा किंवा नका वापरू. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी बनवलेलं सगळं पुसा; टेराफॉर्मने, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेलं क्लाउडवर उभारणाऱ्या साधनाने, बनवलंत तर पुसणंही एका कमांडचं काम.

सुरक्षा तपासण्यासाठीच्या काली लिनक्ससोबत मेटास्प्लॉइटेबलसारखी मुद्दाम कमकुवत ठेवलेली मशिनं चालवायची असतील तर दोन्ही फक्त इंटर्नल नेटवर्कवर. राउटरमधून आरडीपी (विंडोजचा पडदा दुरून बघायची सोय) किंवा एसएसएच बाहेर उघडू नका. बाहेरून पोहोचायचं असेल तर वायरगार्ड हे व्हीपीएन लावा. आणि स्कॅन फक्त स्वतःच्या मशीनचं.

शेवटचा आठवडा

परीक्षेला आठ दिवस राहिले की साचा सोडून सगळी मशिनं पुसून टाका. छापलेला अभ्यासक्रम समोर ठेवा, घड्याळ लावा आणि खूण केलेली प्रत्येक ओळ वही न उघडता पुन्हा उभारा. मॅन पेज (लिनक्समध्येच असलेली कमांडची माहिती) वापरायला हरकत नाही, आरएचसीएसएत ती असतातच. सीकेएत कुबरनेटीसची अधिकृत कागदपत्रं उघडता येतात, म्हणून त्यात शोधायचाही सराव करा. जिथे हात थांबला आणि वही उघडावीशी वाटली, त्या ओळीसमोर दुसऱ्या रंगाने खूण करा. दुसऱ्या रात्री फक्त त्याच ओळी, पुन्हा रिकाम्या मशीनवर.